सासुरवास : शब्दाचा अर्थ आणि घराचा हक्क

भाषेच्या अभ्यासकाने ‘सासुरवास’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. शब्दाची फोड अगदी साधी आहे. सासऱ्याच्या घरी राहणे, एवढाच तिचा अर्थ. तीत दुःखाचा मागमूसही नाही. तरीही ‘तिला फार सासुरवास आहे’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्यास खुलासा विचारावा लागत नाही. उपासमार, टोमणे, मारहाण, माहेरी जाण्याची बंदी, हे सारे त्यात आले. एखाद्या घरी राहणे या साध्या क्रियेलाच जेव्हा भाषेत छळाचा अर्थ येतो, तेव्हा समाजाने तो छळ किती काळ आणि किती निर्विकारपणे पाहिला असेल, हे निराळे सांगावयास नको.

आपले इतर शब्दही असेच बोलके आहेत. नवऱ्याने बायकोस मारले, तर ‘त्याने हात उचलला’ असे आपण म्हणतो. हात वर गेलेला दिसतो, तो कोठे पडला ते दिसत नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ‘नांदायला कधी जाणार?’ असे विचारले जाते. नांदणे म्हणजे वास्तविक सुखाने राहणे. परंतु या प्रश्नात सुखाची चौकशी नसते. परत जाण्याची आज्ञा असते.

मराठी साहित्याने या विषयाकडे पाठ फिरविली, असे मात्र म्हणता येणार नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या तोंडून घरातल्या भिंतींआडचे जग बोलू लागले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात, सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकविण्याची चाल वर्णिली आहे. ते वर्णन वाचून मन सुन्न होते.

या पुस्तकाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बेबीताईंनी आपले लिखाण वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादास जोडलेल्या मुलाखतीत, आपणही पतीचा मार सोसल्याचे त्यांनी सांगितले. मूळ पुस्तकात ते आलेले नाही. इतर सुनांचे हाल निर्भीडपणे लिहिणाऱ्या लेखिकेचा स्वतःचा मार तिच्या आत्मकथनाबाहेर राहिला! बहुतेक बायकांच्या वाट्याला जे येते, ते वेगळे काय सांगायचे, अशी ही समजूत आहे. आमच्या मते, या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. जे सर्वत्र घडते ते सांगण्याजोगे वाटत नाही, आणि सांगितले जात नाही म्हणून ते घडत राहते.

हे मौन किती खोल आहे, ते आकड्यांवरूनही दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाजवळ शब्द काढला. काही कारणांसाठी नवऱ्याने मारणे योग्यच, असे मानणाऱ्या स्त्रिया सुमारे ४५ टक्के होत्या.

परिणाम केवळ वळ आणि जखमांपुरते राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या अहवालानुसार, अशा स्त्रियांमध्ये खिन्नतेच्या विकाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळते आणि त्यांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा संभव १६ टक्क्यांनी अधिक असतो. म्हणजे आघात पुढच्या पिढीवर जन्मापूर्वीच होतो. ज्या मुलीने वडिलांना आईस मारताना पाहिले, तिच्या स्वतःच्या संसारात तेच घडण्याचा संभव अधिक असतो, असेही कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले आहे. वर्गात अकारण दचकणारे, घरी जाण्याची वेळ झाली की रेंगाळणारे मूल शिक्षकांच्या पाहण्यात येते. प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नव्हे. पण हेही असू शकेल, याचे भान असावे.

कायद्याने या बाबतीत शब्दांचे मोठे काम केले आहे. १९८३ साली पती व सासरच्या मंडळींकडून होणारी क्रूरता भारतीय दंडसंहितेत ४९८-अ या कलमाने गुन्हा ठरली. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. त्याहून व्यापक आहे तो २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा अधिनियम. त्याने हिंसेचे शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे प्रकार सांगितले. मूल होत नाही वा मुलगा होत नाही म्हणून हिणवणे, स्त्रीधन काढून घेणे, घरखर्चास पैसे न देणे, हे सारे त्या व्याख्येत बसते.

याच अधिनियमाच्या १७ व्या कलमाने, घर तिच्या नावावर असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीस दिला. सासरी राहणे ही जेथे शिक्षा होती, तेथे निर्भयपणे राहणे हा हक्क झाला. ‘सासुरवास’ या शब्दाला मिळालेले याहून समर्पक उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

सीमाभागातील वाचकांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. स्त्री तात्पुरती जेथे राहत असेल, तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो आणि मिळालेला आदेश भारतभर लागू होतो. कोल्हापूरची मुलगी बेळगावास दिलेली असली, तर दाद मागण्यासाठी तिला बेळगावासच परतले पाहिजे असे नाही.

शेवटी आपल्या कर्तव्याविषयी. हिंसा घडते आहे असे मानण्यास कारण असेल, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास तसे कळवू शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही, असे ४ थे कलम सांगते. १८१ या क्रमांकावर महिलांसाठी दूरध्वनी साहाय्यही आहे. मात्र तिच्या मनाविरुद्ध घाईने काही करू नये. आधी तिचे ऐकावे, तिच्या जिवास धोका किती आहे ते समजून घ्यावे. हैदराबाद, इंदूर वा बेळगाव येथे सरकारी कागद तेलुगु, हिंदी वा कन्नड असतो, आणि आपले दुःख तिला मराठीतच सांगता येते. अशा वेळी तिच्याशेजारी बसून तिचे शब्द त्या कागदावर नीट उतरविणारा माणूस हवा. ‘हात उचलला’ असे ती म्हणाली, तर तो हात कोठे पडला, हे हलक्या आवाजात विचारून ते स्पष्ट लिहिणारा हवा. भाषेची सेवा करू इच्छिणाऱ्या मंडळींनी ही सेवाही आपली मानावी, एवढीच आमची विनंती आहे.