मोरीत शिरणारी स्प्रिंग

महाड-पोलादपूरकडच्या घरांत मोरीतून काय काय वाहून जातं, ठाऊक आहे? ताईचे गळलेले केस, भांडी घासायचा काथ्या, भाताची शितं, मासळीचे खवले, लावणीहून आलेल्या पायांचा चिखल. शिवाय खोबरेल तेल! ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत पहाटे बाटलीत गोठतं, तसंच पाइपातही गोठतं आणि केसांना धरून बसतं. मग एके दिवशी मोरी तुंबते.

तुंबते ती बहुधा वळणावर. जाळीखाली ‘न्हाणी ट्रॅप’ असतो. त्याच्या बाकात थोडं पाणी कायम साठून राहतं, आणि ते मुद्दामच ठेवलेलं असतं, कारण गटाराचा वास तेच अडवतं. म्हणून वळण काही काढून टाकता येत नाही. बांबूची कामटी खुपसावी तर ती वळणावर रुतते. दोरी वळते, पण तिला ढकलणार कसं?

प्लंबरकाका मग लांबलचक पोलादी स्प्रिंग आणतात. ती वाकते आणि ढकलताही येते. पण खरी गंमत वेगळीच. या टोकाला हँडल फिरवलं की पीळ वळणं ओलांडून पार त्या टोकाला पोहोचतो! पटत नाही? जुन्या स्पायरल वहीची तार फिरवत फिरवत बाहेर काढा. टोचणाऱ्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. एक टोक भावाच्या चिमटीत अलगद द्या, तार मधोमध वाकवा आणि तुमचं टोक हळूहळू फिरवा. त्याच्या चिमटीतलं टोकही वळवळायला लागेल.

मोरीत हेच होतं. टोकाचा आकडा केसांच्या गुंत्यात फिरतो, गुंता त्यावर गुंडाळला जातो आणि ओढला की बाहेर येतो. (तो पाहून जेवायला बसू नये.)

अमेरिकेत सॅम्युएल ब्लँक यांच्या मुलाच्या घरचा पाइप तर झाडाच्या मुळांनी बंद झाला होता. त्यांनी १९३३च्या सुमारास वॉशिंग मशीनची मोटर, स्केट्सची चाकं आणि पोलादी केबल जोडून मुळं कापणारं यंत्रच तयार केलं.

मोटरच्या यंत्राला मात्र तुम्ही हात लावायचा नाही. ओल्या जागेत वीज, त्यात फिरती तार. ओढणी नाहीतर सैल बाही क्षणात गुंतते. हाताने फिरवायची स्प्रिंगसुद्धा मोठं माणूस शेजारी असेल तरच. ती तरी निरुपद्रवी कुठे आहे? टोक पुढे अडलंय आणि तुम्ही हँडल फिरवतच राहिलात, तर पीळ पुढे न जाता तारेतच साठत जातो. हँडल सुटलं की तो सगळा एकदम उलगडतो आणि तार सपकन फटका देते. अडली की थांबा, थोडी मागे घ्या, मग पुन्हा हळूच.

मोरीत आधी ॲसिड ओतलं असेल तर स्प्रिंग घालूच नका, शिंतोडे डोळ्यांत जातील. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आपल्या कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याचे जंतू उंदरांच्या लघवीतून घाण पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. हाताला खरचटलं असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतर साबणाने हात धुवायचे, कोपरापर्यंत.

सगळ्याच तुंबण्यावर स्प्रिंग चालत नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात सावित्री नदीने महाडच्या घरांत, दुकानांत चिखलाचे थर आणून टाकले. अशा गाळात स्प्रिंग नुसतं भोक पाडते, ती बाहेर काढली की चिखल पुन्हा मिटतो. तिथे जोराच्या पाण्याचा झोतच लागतो. आणि पूर चालू असताना मोरीतून पाणी वर येत असेल, तर बाहेरचं पाणीच मोरीपेक्षा उंच चढलेलं असतं. पाइपात अडकलेलं काहीच नसतं. अशा वेळी स्प्रिंग राहू द्या कोपऱ्यात आणि घरच्यांबरोबर आधी उंचावर जा.