तिकीट काढल्याशिवाय बसायचं नाही!

बालवाडीत चार खुर्च्या एकामागे एक लागल्या की एसटी सुटायला वेळ लागत नाही. पाठीवरचं दप्तर पोटावर आलं की कंडक्टर तयार आणि वर्तमानपत्राचे कपटे म्हणजे तिकिटं. एखादा प्रवासी मधेच उठला, तर कंडक्टर झालेली मुलगी दरडावते, ‘‘ए, गाडी चालू आहे, असं नाही उतरायचं!’’ आणि तो मुकाट्याने परत येऊन बसतो. गोष्टीच्या वेळी ताईंनी चारदा सांगूनही एका जागी न बसणारा हाच मुलगा असतो.

या कोड्याचं उत्तर रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात दिलं होतं. लुटुपुटुच्या खेळात मूल मोकाट सुटतं, असं आपल्याला वाटतं. व्हिगोत्स्कींचं म्हणणं नेमकं उलट होतं. प्रत्येक भूमिकेला तिचे नियम असतात. पेशंटने निजून राहायचं, दुकानदाराने आपलाच खाऊ खायचा नाही. नियम मोडला की खेळ मोडतो, म्हणून मूल स्वतःला आवरतं, आणि तेही आपणहून. काठीचा घोडा करताना ते आणखी एक अवघड काम करत असतं. डोळ्यांना दिसते काठी, पण वागायचं घोडा समजून. एका वस्तूने दुसरीची जागा घ्यायची, ही ओळख पुढे अक्षरं आणि आकडे शिकताना कामी येते, असं अनेक अभ्यासक मानतात.

व्हिगोत्स्कींच्या परंपरेतल्या मानुइलेन्को यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं ‘उभा राहा’ म्हटल्यावर चार-पाच वर्षांची मुलं लवकर चुळबुळ करू लागली. पहारेकरी केल्यावर तीच बरीच जास्त वेळ टिकली. २०१७ मध्ये अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं गेलं. शेजारी आयपॅडवरचा खेळही ठेवलेला होता. ‘मी नीट काम करतोय ना?’ असं स्वतःला विचारणाऱ्यांपेक्षा बॅटमॅनसारखं आवडतं पात्र होऊन तोच प्रश्न विचारणारी मुलं कामाला अधिक वेळ चिकटून राहिली.

मात्र यावरून ‘भातुकलीने बुद्धी वाढते’ अशी जाहिरात करणं घाईचं ठरेल. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या विषयावरचे तोवरचे अभ्यास तपासले. अनेक प्रयोग कच्चे निघाले. फायदा खेळाचा, की खेळ घेणाऱ्या मोठ्या माणसाने मुलांशी केलेल्या गप्पांचा, हे काहींत वेगळं काढता येत नव्हतं. भाषा, गोष्ट रचणं आणि भावनांवर ताबा याबाबतचे पुरावे आशादायक असले, तरी निर्णायक नव्हते.

तरीही बालवाडीत काय चालतं ते कान देऊन ऐकावं. ‘‘समजा, मी डॉक्टर हं, आणि तुझा ना हात मोडलाय.’’ ‘‘नाही, कालच तर माझा मोडला होता, आज तुझा!’’ ही वाटाघाट कुठल्याही वहीत होत नाही. बाजू मांडायची, दुसऱ्याचं ऐकायचं, तडजोड करून खेळ पुढे न्यायचा, हे सगळं मुलं स्वतःच्या शब्दांत करतात.

पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. पालक मात्र अजून भरलेल्या वह्याच मोजतात. लुटुपुटुच्या खेळासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. रिकामे डबे, जुन्या ओढण्या, एक कोपरा आणि रोजचा अर्धा तास पुरेसा आहे. लहानांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तू द्याव्यात. मोठी मुलं ठोकळ्याचाही फोन करतात. ताईंनी खेळाची सूत्रं हातात घेऊ नयेत; फार तर गिऱ्हाईक होऊन बटाट्याचा भाव विचारावा. आणि पालकांनो, मूल घरी आल्यावर ‘आज काय लिहिलंस?’ याआधी ‘आज कोण झाली होतीस?’ एवढं विचारून पाहा.