कुलूप मजबूत, हिशेब कच्चा

भाड्याच्या सायकलीचा धंदा आमच्या व्यापारी बंधूंना नवा नाही. दुकानदार वहीत नाव लिही, तासावर पैसे घेई आणि सायकल परत आली की चाक-ब्रेक तपासून पाही. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात जून २०१७ मध्ये याच धंद्याचा नवा प्रयोग झाला. त्यात दुकान नव्हते, स्टँडही नव्हता. मोबाइक या चिनी कंपनीने १,००० सायकली रस्त्यावर उभ्या केल्या. ग्राहकाने मोबाइलने कुलूप उघडावे, अर्ध्या तासाला ५० पेन्स भरावेत आणि काम झाले की सायकल तिथेच सोडावी. टायर असे की पंक्चर होऊ नये.

पण लोकांनी कुलपे तोडली, सायकली कालव्यात फेकल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात चोरी आणि मोडतोडीत दरमहा १० टक्के सायकली जाऊ लागल्या. शंभरातल्या दहा, तेही दर महिन्याला! अर्ध्या तासाच्या भाड्यातून ही तूट कशी भरून निघणार? सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने तेथून गाशा गुंडाळला. पुण्यातही २०१७-१८ मध्ये अशा सायकली आल्या. त्यांनाही मोडतोडीने सतावले.

यंत्र विकत मिळते, राखण करणारी नजर मिळत नाही. आमचे सांगणे एवढेच : भाड्याने द्यायचा माल सायकल असो, शिलाई मशीन असो वा मंडपाचे सामान, दुरुस्ती आणि तूट आधी हिशेबात धरा, ग्राहकाची ओळख ठेवा आणि मगच भाव सांगा.