बाळंतीण का दगावली?



या पानावर आपण बेणे, खते, हुमणी, खोडवा यांविषयी नेहमी बोलतो. या खेपेस ऊस तोडायला येणाऱ्या माणसांविषयी, त्यातही पोटुशी बाईविषयी लिहितो आहे.

उभा ऊस वाळू लागला की आपण बेट उपटून मुळी पाहतो. हुमणी लागली, मर आली की पाणी साचले, हे कळल्याखेरीज शेजारचे बेट वाचवता येत नाही. बाळंतपणात बाई दगावली की मात्र 'तिचे नशीब' म्हणून आपण मोकळे होतो. गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्यासंबंधीच्या कारणाने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. २०१० पासून देशभर अशा मृत्यूंचे अन्वेषण करण्याची पद्धत ठरली आहे. आशाताई खबर देतात, आरोग्य कर्मचारी घरी जाऊन विचारपूस करतात, दवाखान्यातले कागद तपासतात आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा होतो. उद्देश कोणाला शिक्षा करण्याचा नाही, पुढची बाई वाचावी हा आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये अशी गोपनीय चौकशी १९५२ पासून चालू झाली. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून नावे गुप्त ठेवून प्रकरणे तपासली. रक्तस्राव हे मोठे कारण निघाले, म्हणून त्यावरच्या उपचाराची शिस्त डॉक्टरांना घालून दिली. आपल्या महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, १०८ ची गाडी आली, त्याचाही यात वाटा आहे. पण त्याच काळात केरळचा आकडा १९ होता. म्हणजे अजून बरेच जीव वाचण्यासारखे आहेत.

चौकशीत बहुतेक वेळा तीन उशीर सापडतात. दवाखान्यात न्यायचे ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बाळंतपणानंतर रक्त जोरात जाऊ लागले तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. तिथे 'सकाळी बघू' चालत नाही.

आता आपल्या फडाकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार, म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. पहिला उशीर इथेच होतो. तिची नोंद बीडकडच्या गावात, ती राहते आपल्या बांधावरच्या कोपीत. तिकडच्या नर्सबाईंना ती सापडत नाही, इकडच्यांना ती माहीत नाही. रात्री कळा सुरू झाल्या तर गाडीला रस्ता सांगणारेही कोणी नसते. हा झाला दुसरा उशीर.

यात सभासदाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. टोळी उतरली की मुकादमाला विचारा, कोणी गरोदर आहे काय? असेल तर गावच्या आशाताईंना त्याच दिवशी कळवा. बाईजवळचे माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवायला सांगा. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या इथेही मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी तिला मोळ्या उचलायला लावू नका व मुकादमाला खाडा धरू देऊ नका. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, ताप, अंगावरून रक्त जाणे, यातले काही दिसले की लगेच १०८ फिरवा. फडाचा गट नंबर, जवळची वस्ती, पाणंद कुठून फुटते हे मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

आणि दुर्दैवाने कोणी दगावलीच, तर टोळी गावी निघून जाण्याआधी आरोग्य खात्याला कळवा. टोळी पांगली की सांगणारे कोणी उरत नाही, कारण दडून राहते आणि पुढच्या हंगामात तेच पुन्हा घडते. एका फडाची एक दिवसाची तोड लांबली तर उतारा थोडा घटेल. तो पुढच्या साली भरून काढता येतो.

– ऊस विकास अधिकारी