नव्या इमारतीत कचरा कुठे ठेवणार?

पुनर्वसनाच्या इमारतीचा नकाशा दाखवायला आणतात, त्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नसते. खोली किती फुटांची, लिफ्ट किती, पाणी किती वेळ, भाड्याचे चेक कधी, हे सगळे प्रश्न होतात आणि व्हायलाच हवेत. पण शंभर घरांचा कचरा रोज कुठे ठेवायचा आणि तो न्यायला येणारी गाडी कुठे उभी राहणार, हा प्रश्न अशा सभांत आम्ही क्वचितच ऐकला.

बैठ्या वस्तीत कचराकुंडी कोपऱ्यावर असते, लहान पोरही पिशवी टाकून येते. सातव्या मजल्यावर राहणारी आजी, त्यात लिफ्ट बंद, मग काय होणार? पिशवी खिडकीतून घरगल्लीत जाते. बाहेरचे लोक याला 'झोपडपट्टीची सवय' म्हणून नाक मुरडतात. आम्हाला हे मान्य नाही. डबा ठेवायला जागाच काढली नसेल तर चांगली सवय तरी काय करणार?

घरगल्लीत कचरा कुजला की उंदीर येतात, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती. त्याहून मोठे नुकसान सहसा लक्षात येत नाही. घाण वास आणि डासांमुळे खालच्या मजल्यांवरची माणसे खिडकी कायमची बंद करून टाकतात. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला. त्यात कमी उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. अशा चिकटून उभ्या इमारतींत मुळातच थोडी येणारी हवा बंद खिडकीने अडली, तर घरातल्या खोकणाऱ्या माणसाचा आजार इतरांना लागायला वेळ लागत नाही.

आता जरा हिशेब करू. एका घरातून दिवसाला दीड-दोन किलो कचरा धरला तर शंभर घरांचा दोनशे किलोपर्यंत होतो. ओला कचरा जड असतो, सुका हलका पण जागा खातो. 240 लिटरचे चाकाचे किमान चार डबे लागतील. गाडी एक दिवस आली नाही तर आठ. म्हणजे आठ डबे मावतील आणि त्यांच्यामध्ये माणूस फिरू शकेल एवढी खोली हवी. जिन्याखालचा कोनाडा दाखवून कोणी गप्प करत असेल तर गप्प बसू नका.

ही खोली बालवाडीला लागून नको, कुणाच्या खिडकीखाली नको आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीजवळ तर मुळीच नको. आत लादी, नळ आणि दिवा हवा. धुतलेले पाणी पावसाच्या गटारात न जाता मलवाहिनीत गेले पाहिजे. दाराखाली उंदीर शिरेल एवढी फट नसावी.

खोलीपासून गाडीपर्यंतची वाट सपाट हवी, मध्ये पायऱ्या नकोत. भरलेले डबे ओढणारा सफाई कामगार बहुधा आपल्यातलाच कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी आई असते. पायऱ्यांवरून डबा उतरवताना त्यांची कंबर जाते, आणि डबा कलंडला तर उघड्या हातांनी कचरा भरायची वेळ येते. गाडी फाटकातून आत येऊन वळू शकली पाहिजे. अग्निशमन गाडीसाठी सोडलेल्या जागेत मात्र डबे ठेवू देऊ नका.

काही उंच इमारतींत प्रत्येक मजल्यावरून कचरा सोडायची नळी असते. आमचे मत तिच्या विरुद्ध आहे. ती तुंबते, झुरळे होतात आणि ओले-सुके सगळे एक होते.

2016 च्या घनकचरा नियमांनी 200 पेक्षा जास्त घरांच्या किंवा 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या संकुलात कचरा वेगळा करण्यासाठी आणि साठवण्यासाठी स्वतंत्र जागा राखायला सांगितले. आपली इमारत लहान असली तरी जागा मागायला कुणाची बंदी नाही. मागणी नकाशा मंजूर होण्याआधी, सोसायटीच्या ठरावाने, लेखी द्या आणि पोच घ्या. मंजूर नकाशा दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. ताबा घेण्याच्या दिवशी नकाशा हातात धरून ती खोली उघडून बघा. नळाला पाणी येते का आणि तिथे कुणाचे ऑफिस तर थाटलेले नाही ना, हे पाहूनच सही करा.