आमच्या घरचा गिटारवाला

चैत्र-वैशाखांत, गांवोगांवच्या जत्रांच्या दिवसांत, पहांटे तीन-साडेतीनच्या सुमारास स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर उतरणाऱ्या उतारूंकडे वाचकांनीं एकदां लक्ष देऊन पाहावें. साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेल्या गाड्यांतून आंब्यांच्या पेट्या, लग्नघरचीं बोचकीं आणि झोपेनें पेंगुळलेलीं मुलें उतरत असतात. त्यांतच केव्हां केव्हां साठीच्या घरांतील एक गृहस्थ उतरतो. अंगांत चकचकीत सदरा, त्यावर जुना लोंकरी स्वेटर, आणि खांद्याला लांबट काळी पेटी. "काका, बंदूक आहे काय?" म्हणून रिक्षावाले थट्टा करतात, तो हांसून न हांसल्यासारखें करतो आणि शुक्रवार पेठेच्या दिशेनें चालूं लागतो.

हा गृहस्थ माझा चुलतबंधु. साठी उलटली तरी घरांत त्याला बाळच म्हणतात. गेलीं चाळीस वर्षें तो ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवीत आला आहे. या चाळीस वर्षांत त्यानें स्वतःची एकहि चाल बांधली नाहीं. दुसऱ्यांनीं बांधलेलीं, दुसऱ्यांनीं गायिलेलीं आणि श्रोत्यांस आधींच तोंडपाठ असलेलीं गाणीं जशींच्या तशीं वाजवून दाखविणें हाच त्याचा व्यवसाय. या व्यवसायाविषयीं मी एके काळीं फार कठोर बोललों, किंबहुना लिहिलें. त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हें पुणेकरांस सांगावयास नको. दोन-तीन गायक-गायिका, एक निवेदक, मध्यें वेळ भरून काढणारा नकलाकार आणि आठ-दहा वादक एवढ्या सामग्रीवर हा संसार चालतो. आमच्यासारख्या घरांतून त्याकडे नाक मुरडून पाहण्याची रीत होती. परंतु विचार केला तर ही गोष्ट फारशी नवीन नव्हे. १८८० सालीं किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यांत रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून नाटक मंडळींबरोबर साथीदार गांवोगांव हिंडत आले आहेत. गंधर्व नाटक मंडळींत तर अहमदजान थिरकवांसारखा थोर तबलानवाज साथीस बसत असे. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्यांतून मेळे निघाले, आणि या मेळ्यांतील पुष्कळशीं पदें नाटकांतल्या लोकप्रिय चालींवरच रचलेलीं असत. आमचे आजोबा मेळ्यांत जात. त्यांना कोणी "परक्या चाली म्हणतोस" असें हिणविल्याचें ऐकिवांत नाहीं. पुढें नाटकाची जागा बोलपटानें घेतली, आणि बोलपटांतील गाणीं रंगमंचावर ऐकविणारे वाद्यवृंद निघाले. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'चें नांव एके काळीं घरोघर ठाऊक होतें.

गिटार मात्र आपल्याकडे फिरून आली. गोव्यांत पोर्तुगीज अमलाखालीं चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपि शिकवीत. तेथें तयार झालेले वादक मुंबईस आले आणि चित्रपटसंगीताचा कणा बनले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हीं त्यांतलीं नांवें आतां पुष्कळांस माहीत झालीं आहेत. त्यांच्या शेजारीं बसून वाजविणारे शेंकडों मात्र अनामच राहिले. १९७१ सालीं 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटांतील 'दम मारो दम' हें गाणें निघालें. त्या गाण्याचा विषय आमच्या घरांत उच्चारण्याजोगाहि नव्हता. त्याच्या आरंभीं वाजते ती गिटार भूपिंदर सिंग यांची. पुढें ते गायक म्हणून नांवारूपास आले, म्हणून हें आपणांस कळलें तरी. बाळ त्या वेळीं सात वर्षांचा होता. शेजारच्या बिऱ्हाडांतील रेडिओवर तें गाणें लागलें कीं तो जिन्यावर जाऊन बसे, आणि गायिका गाऊं लागली कीं उठून येई! पुष्कळ वर्षांनीं त्यानेंच मला हें सांगितलें.

१९८४ सालीं, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असतांना, त्यानें कॉलेज सोडलें आणि एका ऑर्केस्ट्रांत नोकरी धरली. नोकरी हा शब्द मी उगीच वापरला; तेथें पगार नसतो. कार्यक्रमाच्या बोलीला 'सुपारी' म्हणतात. सुपारी मालक घेतो आणि वादकास 'नाइट'प्रमाणें पैसे देतो. बाळाच्या पहिल्या नाइटचे ४० रुपये झाले. ते त्यानें देवापुढें ठेवले. काकांनीं ते तेथून उचलून त्याच्या हातीं परत दिले, आणि पुढें सहा वर्षें बापलेक एका पंक्तीला बसून एकमेकांशीं बोलले नाहींत. घरांत थोरला भाऊ मी. मॅट्रिकनंतर पाठशाळेंत संस्कृत शिकून नुकताच शाळेंत लागलेला, आणि आपल्याला सर्व कांहीं कळतें अशा वयाचा. काकूंच्या सांगण्यावरून मीं बाळाला समजुतीचें पत्र लिहिलें. त्यांत समजूत थोडी आणि अलंकार फार होते. "विद्वानांच्या कुळांत जन्मून तूं दुसऱ्यांच्या उष्ट्या पत्रावळींवर जेवतोस" हें वाक्य मला आजहि जसेंच्या तसें आठवतें. लिहिलें तेव्हां तें मला फार आवडलें होतें. पत्राचें उत्तर आलें नाहीं. तो घरींच राहत होता, रोज भेटत होता, "दादा, तुम्ही जेवलांत का?" म्हणून विचारीत होता, पण पत्राचा विषय त्यानें कधीं काढला नाहीं, आणि मींहि काढला नाहीं.

मी निवृत्त झालों त्याच्या पुढच्या वर्षीं, २०१७ च्या चैत्रांत, एका जत्रेच्या सुपारीला तो मला बरोबर घेऊन गेला. गांव सातारा जिल्ह्यांतलें, डोंगराच्या पायथ्याचें. स्वारगेटहून दुपारीं निघालों. मंडळींत बहुतेक सर्व परस्परांस 'सर' म्हणत होते, ही एक गंमत. मी खराखुरा सर असून मला मात्र सर्वांनीं 'काका' केलें.

त्या रात्रीं मीं जें पाहिलें तें सांगतों. कार्यक्रमास तासभर असतांना गायकानें घसा बसल्याचें सांगितलें. "आज काळी तीन नको, पांढरी चार घ्या," एवढेंच तो बोलला. पेटीवर ही अर्ध्या स्वराची गोष्ट. गिटारवर मात्र तिनें बोटांचा सगळा संसार उलटतो. कारण कित्येक आलापी मोकळ्या तारांच्या आधारानें बसविलेल्या असतात, आणि मोकळी तार जागची हलत नाहीं. कॅपो नांवाचा एक चिमटा असतो, तो दांडीवर लावला तर स्वर चढवितां येतो. उतरवितां येत नाहीं. बाळ मांडवामागें एका उलट्या घमेल्यावर बसला आणि बावीस गाण्यांच्या जागा त्यानें नव्यानें ठरविल्या. जवळ कागद नव्हता. ओंठ मात्र हालत होते. मला एकदम पाठशाळेंतले विद्यार्थी आठवले.

मग दिवे लागले. खेड्यांतील विजेच्या जोडणीचा भरंवसा नसतो. गिटारच्या तारांस हात लागलेला असतांना ध्वनिक्षेपकास ओंठ लागले तर जोराचा झटका बसतो. म्हणून तो प्रथम मनगटाच्या मागच्या बाजूनें ध्वनिक्षेपकास हलकेंच शिवून पाहतो, जशी आपण दुधाची पातेली पाहतों. गारव्यानें तारा स्वर सोडतात, म्हणून दर दोन गाण्यांमध्यें निवेदक बोलत असतांना तो मान वांकवून खुंट्या पिळत असतो. लोकांस वाटतें, हा निवेदकाचें ऐकत आहे.

परंतु खरी गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती मला त्या रात्रींपर्यंत ठाऊक नव्हती. मूळ ध्वनिमुद्रणांत पन्नास-पन्नास वादक बसलेले असतात; व्हायोलिनांची रांग, सतार, बासरी, ॲकॉर्डियन, सगळें. येथें आठ माणसें. तेव्हां पन्नासांचें आठांनीं वाजवावयाचें म्हणजे बेचाळीस जणांस गाळावें लागतें, आणि तरीहि समोरच्या दोन हजार श्रोत्यांस कांहीं गळल्याचें कळतां कामा नये. गाण्याचा कोणता तुकडा श्रोत्याच्या मनांत रुतून बसला आहे, कोणता नुसता भरीचा आहे, हें आधीं ओळखलें पाहिजे. एका गाण्यांत दोन कडव्यांमध्यें सतारीचा तुकडा होता. बाळानें तो गिटारवर काढला, आणि पुढच्या रांगेंतल्या एका म्हाताऱ्यानें डोळे मिटून मान हालविली. "दादा, ज्यानें हें स्टुडिओंत वाजविलें त्याच्यापुढें कागद होता," परतींच्या गाडींत बाळ म्हणाला. "माझ्यापुढें तो म्हातारा होता. त्याला माझ्यापेक्षां चांगलें पाठ आहे."

मी आयुष्यभर शुद्ध पाठाचा अभिमान बाळगणारा माणूस. वेदपाठ करणारे ब्राह्मण पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्यांनीं मंत्र म्हणतात. घनपाठी विद्वान् शब्द पुढें-मागें, मागें-पुढें फिरवितो, पण त्यांत एका स्वराची भर घालीत नाहीं, एक मात्रा कमी करीत नाहीं. त्यानें स्वतःचें कांहीं घातलें नाहीं म्हणून कोणी त्यास उणें लेखीत नाहीं. न घालण्याबद्दलच तर आपण त्यास नमस्कार करतों. नाट्यास लोकवृत्ताचें अनुकरण म्हणतांना भरतमुनींसहि संकोच वाटला नव्हता. मग माझ्याच चुलतभावानें चाळीस वर्षें केलेल्या पाठांतराला मीं उष्टें कां म्हणावें? कोणी म्हणेल, कोठें वेद आणि कोठें जत्रेंतलीं गाणीं; पहिल्यांत पावित्र्य आहे आणि दुसऱ्यांत शिट्ट्या व पैसे. शिट्ट्यांचें मी कबूल करतों. पैशांविषयीं मात्र, दक्षिणा घेतल्यावांचून उठलेला पाठक मीं तरी पाहिलेला नाहीं.

हा व्यवसाय दिवसेंदिवस आकसत गेला. पूर्वीं जत्रेंतला कार्यक्रम रात्रीं दहाला उभा राही आणि उजाडेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं आले, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षांतून कांहीं ठराविक दिवस मध्यरात्रींपर्यंत सवलत मिळते तेवढीच. झोपेच्या बाबतींत मी त्या नियमांचा ऋणी आहें. पण बाळाची नाइट त्यांनीं निम्मी केली हेंहि खरें. आधीं कीबोर्ड आला, त्यानें व्हायोलिनवाल्यांस घरीं बसविलें. मग तयार ध्वनिमुद्रित 'ट्रॅक' आले, त्यांवर गायक एकटाच गातो आणि वादक लागतच नाहींत. गीतकार-संगीतकारांचे मानधनाचे हक्क २०१२ च्या कायदेदुरुस्तीनें बळकट झाले, तें योग्यच झालें. नाइटवर वाजविणाऱ्यास मात्र ना पगाराचा दाखला, ना भविष्यनिर्वाह निधि. घरासाठीं कर्ज मागावयास गेला तेव्हां एका बँकेंतल्या अधिकाऱ्यानें त्याला विचारलें, "पण आपण करतां काय?" त्यानें सांगितलें; अधिकाऱ्यानें पुन्हा तोच प्रश्न विचारला. कर्ज शेवटीं माझ्या निवृत्तिवेतनावर निघालें.

२०२० च्या मार्चमध्यें करोनामुळें नाट्यगृहें बंद झालीं. मध्यें थोडे महिने तीं अर्ध्या आसनांवर उघडलीं, पुन्हा मिटलीं, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झालीं. त्या काळांत त्यानें एक ध्वनिवर्धक विकला. दुपारीं माजघरांत बसून, ध्वनिवर्धकाशिवाय, नुसत्या तारांवर तो सराव करी. विजेच्या गिटारचा असा आवाज अगदीं बारीक येतो, कणग्यामागें उंदीर कुरतडावा तसा. काकू तेव्हां नव्वदीच्या घरांत. त्या एके दिवशीं म्हणाल्या, "थांबलास कां रे? वाजव कीं." काका असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

आतां जत्रांच्या सुपाऱ्या थोड्या, आणि जुन्या गाण्यांचे तिकिटाचे कार्यक्रम जास्त. गेल्या वर्षीं स्वारगेटच्याच गणेश कला क्रीडा रंगमंचावर एक कार्यक्रम झाला. मी आमच्या हिला आणि सुनांना घेऊन गेलों. श्रोते बहुतेक आमच्याच वयाचे. निवेदकानें गायकांचीं नांवें सांगितलीं, संगीतकारांच्या आठवणी सांगितल्या, प्रायोजकांचे आभार मानले. वादकांचीं नांवें शेवटीं एका दमांत म्हटलीं, आणि त्यांत बाळाचें आडनांव चुकविलें. 'दम मारो दम' सुरू झालें. आरंभींचा तो गिटारचा तुकडा वाजला तेव्हां, गायिका उभी राहण्यापूर्वींच, सभागृहांत टाळ्या पडल्या. बाळानें वर पाहिलें नाहीं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर उभे राहिलों. मेट्रोचें भुयारी स्थानक सुरू झाल्यापासून तेथें रात्रींहि बरीच वर्दळ असते. मीं मनाचा धडा करून म्हटलें, "बाळ, तें मीं तुला पत्र लिहिलें होतें..."

"कोणतें, उष्ट्या पत्रावळीचें?" तो चटकन् म्हणाला. मग क्षणभर थांबून, "दादा, ही जरा धरा. सगळ्यांना चहा सांगून येतों."

पेटी मला वाटली होती त्याहून बरीच जड निघाली. मीं ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तेवढ्यांत शेजारीं उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलानें विचारलें, "आजोबा, ह्यांत काय आहे?"

"गिटार आहे," मीं सांगितलें. "माझा भाऊ वाजवितो."