रोहिड्याचा दरवाजा किती जुना?

रोमन सैन्याने इ.स. 71 च्या सुमारास इंग्लंडात यॉर्कला तळ ठोकला. त्या तळाचा वायव्य दरवाजा होता, जवळपास तिथेच आज मध्ययुगीन तटातला बूथम बार उभा आहे. सपाटीवरच्या शहरात भरावावर भराव चढतो आणि जुनं बांधकाम खाली जातं. भोरजवळच्या रोहिड्यावर, म्हणजे विचित्रगडावर, असा गाडलेला दरवाजा शोधू नये. डोंगरमाथ्यावर माती फारशी साचत नाही, पावसाळा ती धुऊन नेतो. जुना घडीव दगडही वाया जात नाही, नव्या भिंतीत बसतो. तरीही इथल्या दरवाजाची जागा त्यावरच्या शिलालेखाहून जुनी असावी, असं माझं मत आहे.

गडाला एकामागून एक तीन दरवाजे आहेत. पहिल्यावर गणेशपट्टी आणि वर मिहराब, दुसऱ्यावर शरभ, तिसऱ्यावर दोन्ही अंगांना हत्तीची शिरं. तिसऱ्यावरच एकीकडे मराठी आणि दुसरीकडे फारसी लेख आहे. काळ शके 1578, म्हणजे 1656. मुहम्मद आदिलशहा याच वर्षी वारला. या लेखावरून त्याच्या अमलात गडाची दुरुस्ती झाल्याचं अनुमान काढतात, आणि दुरुस्ती म्हटली की आधीचं बांधकाम आलंच. गड यादवकालीन असल्याचं सांगतात ते याच्याशी जुळतं. गणपती आणि मिहराब एकत्र दिसले म्हणून दोन काळ मानणं मात्र कच्चं. आदिलशाहीतले पाथरवट इथलेच होते, दोन्ही घडवत होते.

खरा पुरावा दुसऱ्या दरवाजासमोरच्या खडकातल्या पाण्याच्या टाक्यात आहे. बारमाही पाणी आणि बाजारवाडीकडून येणारी चढाची वाट जिथे जुळतात, तिथेच पहारा बसणार, सत्ता कोणाचीही असो. यावर कोणी म्हणेल, टाकं नंतरही खोदता येतं. येतंच की! गडांवर नंतरही कामं होत राहिली; वेल्ह्यातल्या राजगडावरच शिवकाळात बांधकामाचा केवढा पसारा उभा राहिला. म्हणून एकट्या टाक्यावर मी काळ ठरवत नाही; पण वाट, पाणी आणि दुरुस्ती एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात, तेव्हा योगायोग म्हणून सोडून देणं अवघड जातं.

या प्रश्नाचा निकाल लागायचा तर तो उंबऱ्याखालच्या थरात आणि कातळात लागेल. गडावर डागडुजीला जाणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती: पायऱ्या नीट करताना सिमेंट ओतण्याआधी तळाच्या दगडांची मापं घ्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.